तडा गेलेली पायरी

देव फक्त दगडाच्या मूर्तीत नसून सगळीकडे आहे, हे मूर्तिकाराला उतारवयात पटलं. त्याने मूर्ती सोडल्या आणि जिन्याच्या पायऱ्या घडवायला घेतल्या.

पहिल्याच पायरीला तडा गेला. गिऱ्हाईक तासाभरात गाडी घेऊन येणार होतं.

"दगडाची भुकटी आणि सरस कालवून बुजवा की," बायको म्हणाली. "ही पायरी गेली नाही, तर चूल पेटायची नाही. मूर्तींचे तडे बुजवताना बरा हात चालायचा तुमचा!"

त्याने सरस कालवला. दार लावलं, खिडकी लावली, डोक्यावरून गोणपाटही ओढून पाहिलं. हात पुढे जाईना.

"आता काय झालं?"

"मूर्तीचे डोळे मी सगळ्यात शेवटी कोरायचो गं," तो गोणपाटातून म्हणाला. "तडे बुजवून झाल्यावर."