चित्रातल्या पाट्या

“आणि ही वकिलाची पाटी,” संपादिका कात्रणांची वही चित्रकारापुढे सरकवत म्हणाली. “‘केस गळत असल्यास आत या.’ शेजारच्या न्हाव्याची बघा, ‘आजवर एकही केस हरलेलो नाही.’ मी बसमध्ये एकटीच हसत सुटले. लोक बघायला लागले.”

खिडकीपाशी पाठ करून बसलेल्या त्याच्या बायकोच्या हातातला ब्रश जागच्या जागी थांबला. अकरा वर्षं रोज एक चित्रपट्टी पेपरात जात होती, आणि तांदळाएवढ्या अक्षरांतल्या त्या पाट्या आज पहिल्यांदा कुणीतरी वाचल्याचं तिला कळत होतं.

घरातली कामाची वाटणी ठरलेली होती. नवरा पेन्सिलीने माणसं आणि मागची दुकानं काढायचा, त्यांच्या तोंडी विनोद घालायचा आणि कागद तिच्या टेबलावर टाकून मोकळा व्हायचा. शाई तिने भरायची. विटा, पानं, विजेच्या तारा, सगळं किरकोळ काम तिचं. दुकानांच्या पाट्या तो कोऱ्याच सोडायचा. एकदा कंटाळून तिने एका पाटीत गंमत लिहिली, ती जशीच्या तशी छापून आली, आणि मग तिला चटकच लागली. नवऱ्याला याचा पत्ता नाही, असंच ती धरून चालली होती. छापलेलं चित्र आपण बघत नाही, त्यात चुकाच दिसतात, असं तो चारचौघांत सांगायचा. तिनेही कधी सांगितलं नाही. त्याच्या आपण होऊन लक्षात यायला हवं, हाच तर तिचा रुसवा होता.

संपादिकेने पान उलटलं. “मागे चार दिवस इथे ‘अबोला स्टोअर्स’ होतं. ‘भाव विचारू नये, उत्तर मिळणार नाही.’ पाचव्या दिवशी दुकान गायब. घरात भांडण झालं होतं का हो?”

बायकोचे कान लाल झाले.

“खरं सांगू? तुमचे विनोद छानच असतात, पण पुस्तक काढतोय ते या पाट्यांसाठी. कशा सुचतात तुम्हाला?”

नवऱ्याने चष्मा पुसला, वही जवळ ओढली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. इकडे बायकोचा जीव टांगणीला. ‘सुचतात आपल्या’ एवढं जरी तो म्हणाला असता, तरी विषय संपला असता. पुस्तकावर त्याचं एकट्याचं नाव, आणि तिची अकरा वर्षं पाण्यात. आपणच बोलावं, असं तिला दहादा वाटलं, पण जीभ काही उचलेना.

“मला नाही सुचत,” तो म्हणाला. “या सगळ्या हिच्या आहेत. पुस्तकावर आधी हिचं नाव घाला, मग माझं.”

ती गर्रकन वळली. ब्रश कागदावर टेकला आणि नायकाच्या नाकावर शाईचा डाग पडला, त्याचीही तिला शुद्ध नव्हती. आनंद इतका झाला की तिला त्याचा रागच आला.

“अहो, पण तुम्हाला कळलं कधी? तुम्ही तर छापलेलं बघतच नाही.”

“अगं,” चष्मा कपाळावर चढवत तो म्हणाला, “एका माणसाच्या घरासमोर कोऱ्या पाट्यांची चौदा दुकानं उगाच कोण काढतं?”