आडोसा

ओसाकाच्या त्या गेम सेंटरमध्ये इसाओ आणि त्याची बायको कायो दर रविवारी दुपारी शेजारी शेजारी उभं राहून बंदुका चालवत. पायाखालचं पॅडल दाबलं, की पडद्यावरचा आपला कमांडो खोक्याआडून उठे; पाय उचलला, की पुन्हा लपे.

आज इसाओचा कमांडो उठेचना.

"अहो, उठा की! मी एकटीने किती मारू?" कायो करवादली.

"दाबतोय गं! पार तळाला टेकलंय पॅडल."

तेवढ्यात खोक्यामागे बसलेल्या कमांडोने मान वळवली. आजवर त्याची नुसती पाठच दिसायची. शत्रूला सोडून तो इसाओकडे पाहू लागला, आणि सावकाश त्याने बंदूक इसाओवर रोखली.

इतक्या वर्षांची सवय. भीती वाटली की पाय उचलायचा. इसाओने उचलला.

समोर खोक्याच्या ओलसर लाकडी फळ्या आल्या. बारुदीचा धूर नाकात गेला. फळ्यांपलीकडून गोळ्या सणसणत होत्या. त्याने पॅडलसाठी पाय चाचपडत फिरवला. खाली नुसती वाळू होती. मग कुणीतरी दुसऱ्यानेच पॅडल दाबावं, तसा तो आपोआप फळ्यांआडून उभा राहिला.

फार दुरून, काचेपलीकडून यावं तसं कायोचं हसू ऐकू आलं.

"हां, आता कसं! उठलात एकदाचे!" ती शेजारी इसाओच्या जागी बंदूक धरून उभ्या असलेल्याला म्हणत होती.