राणी उभीच राहिली

"माझी राणी गुडघे टेकणार नाही," असं मावशीने चित्रीकरणाच्या वेळीच ठणकावलं होतं. कंपनीने वाद घातला नाही. तिचा चेहरा, आवाज, चाल सगळं यंत्रात उतरवून घेतलं, त्यातून नवी राणी जिवंत केली आणि शेवटच्या प्रवेशात तिलाच राजापुढे गुडघे टेकायला लावायचं ठरवलं.

पहिल्या खेळाला मावशी मला घेऊन गेली. म्हणाली, "बघू तरी, माझ्या अंगात माझ्याशिवाय कोण शिरलंय ते."

आम्ही चष्मे चढवले आणि थेट दरबारात पोचलो. शेवटचा प्रवेश आला. राजाने बोटाने जमीन दाखवली. राणी ताठ उभी राहिली.

आमच्या मागे बसलेला ऑपरेटर पुटपुटला, "हिला झालंय तरी काय?" त्याने राणीला वाकवायचं बटण पुन्हा दाबलं. राणी हलली नाही.

शेजारची खुर्ची मात्र करकरली. मावशीचे गुडघे जमिनीकडे ओढले जात होते. तिने चष्मा भिरकावला, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि दातओठ खात उभी राहिली. "मेले तरी नाही!"

मीही चष्मा काढला. दरबार नाहीसा झाला, पण राणी समोरच होती, मावशीकडे बघत.

"अहो, बंद करा ते!" मी ओरडले.

"केव्हाच बंद केलंय," ऑपरेटर म्हणाला.

त्याचा आवाज खालून आला. मी वळून पाहिलं. तो आणि सगळे प्रेक्षक गुडघ्यांवर होते.

उभ्या होत्या त्या दोघीच. माझ्या गुडघ्यांना फरशी गार लागत होती.