घराण्याचा वारस

"बघ, बघ! गुरुजींचं नाव घेतलं की कानाच्या पाळीला हात लावतो!" तानपुरा लावता लावता अप्पा सुनेला म्हणाले. दहा महिन्यांच्या नातवात त्यांना घराण्याचा वारस दिसत होता.

"अप्पा, नाव न घेताही लावतो. आडवा केला की किंचाळतो. अंगात तापही आहे."

"रियाजाची तळमळ असते ती."

सुनेने वारस उचलला आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी कानात डोकावून सांगितलं, "आतून लालबुंद झालाय. दुर्लक्ष केलं असतं तर ऐकूही कमी आलं असतं."

आठवडाभर अप्पांनी स्वतः घड्याळ लावून औषध पाजलं. कान बरा झाल्यावर आनंदाने आलाप घेतला, तर वारसाने भोकाड पसरलं.

"पुन्हा दुखतोय की काय गं?" अप्पा घाबरले.

"नाही, अप्पा. आता स्वच्छ ऐकू येतंय."