सावकाश होऊ दे

"हा खटला सडतोय, आणि सडवताय तुम्ही!" कोरिनने फाइल ओडेसाच्या टेबलावर आपटली.

कोर्टाची स्टेनो ओडेसा कागदी पट्टीची गुंडाळी उलगडत राहिली. ट्रॅव्हिस प्रुइटला देहदंड ठोठावून सहा वर्षं झाली होती. खटल्यातला शब्दन् शब्द टाइप झाल्याशिवाय अपील सुरू होत नव्हतं, आणि अपील निकालात निघाल्याशिवाय त्याला मारता येत नव्हतं. पट्टीवरच्या ओडेसाच्या लघुलिपीच्या खुणा तिच्या तिलाच कळायच्या.

"बोटं आखडतात हो, मॅडम."

"गप्पा मारताना जीभ बरी आखडत नाही!"

कोरिन नवी मुख्य कारकून. तुंबलेली कामं उपसायला तिला राज्याच्या राजधानीतून, सॅक्रॅमेंटोहून इथे पाठवलेलं. बाकी सगळं तिने धडाक्यात उरकलं; हे एकच घशात अडकलं होतं. त्यात एमेट हॉलिस्टर समोर दिसला की तिच्या जिवाची तगमग व्हायची.

दर सोमवारी हा म्हातारा बागेतली पीच घेऊन यायचा. त्याचा मुलगा डेल हा ट्रॅव्हिस प्रुइटच्या गोळीने गेला, एवढं दारावरच्या पोलिसाने तिला सांगितलं होतं. त्यापुढे गावात कुणी तो विषयच काढत नसे. एमेट टोपी काढून ओडेसासमोर बसायचा.

"कुठवर आलं?"

"निम्म्यावर."

"सावकाश होऊ दे. हात जप तुझे."

कोरिनला भडभडून यायचं. पोटचा पोर गेला, आणि तोंडातून एक वाकडा शब्द नाही! देवमाणूस!

"मॅडम, एमेटला घाई नाहीये," ओडेसा एकदा म्हणाली. "जरा ऐकून तर—"

"त्यांच्या भिडस्तपणाचा फायदा घेऊ नका!"

शेवटी कोरिनने शहरातून टायपिस्ट आणली. ओडेसाने पट्टी वाचायची, तिने टाइप करायचं. संध्याकाळी कोरिन नुसता गठ्ठा उचलून बघायची. वाचायला वेळ कुणाला होता! पीचचा हंगाम संपायच्या आत काम फत्ते झालं. शेवटच्या पानावर सही करताना ओडेसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. बिचारीची बोटं खरंच दुखत असावीत, असं कोरिनला वाटलं, आणि आपण जरा जास्तच बोललो याचं वाईटही वाटलं.

सोमवारी एमेट दारातच भेटला. कोरिनने त्याचे दोन्ही हात धरले.

"काका, गेलं एकदाचं वरच्या कोर्टात! आता डेलला न्याय मिळेल. त्या प्रुइटची काही धडगत नाही."

एमेट भिंतीला धरत बाकावर टेकला. पीचची पिशवी मांडीवर तशीच राहिली.

"माझी बायको लग्न होऊन घरात आली, तेव्हा ट्रॅव्हिस तिच्या कडेवर होता," तो म्हणाला. "डेल नंतरचा. आता मला ट्रॅव्हिस एकटाच उरलाय, पोरी."