दुमडलेलं टोक

गिझरला ओला हात लागला आणि भाडेकरूबाई जागीच गेल्या. तपासणीच्या साहेबांनी म्हाताऱ्या वायरमनला घरून बोलावून घेतलं. सोबत आलेली त्याची मुलगी जिन्यातच थांबली.

वायरच्या जॉइंटवर टेपचा एकच वेढा होता. तांब्याची एक तार टेपमधून बाहेर येऊन गिझरच्या पत्र्याला टेकली होती. टेपचं टोक मात्र व्यवस्थित दुमडलेलं होतं, पुढच्याला सोडवताना नख घालता यावं म्हणून.

"असं टोक इथे तुमच्याशिवाय कुणी दुमडत नाही म्हणे."

म्हाताऱ्याने जिन्याकडे पाहिलं नाही. "माझंच काम आहे, साहेब. घाई नडली."

"चाळीस वर्षं हेच करताय आणि एकच वेढा?"

"रोज घसा फोडून सांगायचो, तीन वेढे घाल म्हणून."

"कुणाला?"

"स्वतःलाच."

"कधी केलंत हे?"

"गेल्या महिन्यात."

साहेबांनी जबाबाचा कागद पुढे केला. म्हाताऱ्याने डाव्या हाताने कशीबशी सही केली. उजवा हात दोन वर्षांपासून लुळा होता.

साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग जिन्यात उभ्या असलेल्या मुलीच्या कमरेला लटकणाऱ्या पकडीकडे.