फटीतली बोटं

वाऱ्याने दार धाडकन लागलं आणि ती कचऱ्याची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

ती बाहेर, अडीच वर्षांची ठकी आत. किल्ली आत, फोन आत, आणि शेगडीवर चढवलेलं दूधही आत. इथली दारं एकदा लागली की लागली, बाहेरून कितीही मूठ फिरवा. या देशात राहायला येऊन महिना उलटला होता, पण ही गोष्ट काही अंगवळणी पडली नव्हती.

"आई?" आतून ठकीने हाक मारली.

"आहे गं राणी, इथेच आहे." ती मटकन खाली बसली. दाराच्या खालच्या अंगाला पत्रं टाकायची फट होती. तिने झडप उचलली. पलीकडे एक डोळा दिसला.

"आई, तू पत्र झालीस?"

"हो, झाले. तू इथेच बस हं. कुठे जायचं नाही."

गाणी झाली. गोष्ट झाली. भू-भू कसा ओरडतो, गाडी कशी जाते, सगळं करून झालं. मधेच उठून तिने मजल्यावरच्या साऱ्या घंटा वाजवल्या. भर दुपारी घरात कोण असणार? ती उठली की ठकी मुसमुसायची, म्हणून पुन्हा धावत फटीपाशी. हात आत घालून बघितला. बोटांची पेरं कशीबशी शिरली, पंजा अडला.

"आई, दूध उडी मारतंय!" ठकी आनंदाने म्हणाली आणि फटीतून दिसेनाशी झाली.

"ठकी! इकडे ये! शेगडीपाशी जाऊ नकोस! ठकी!" ती दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली.

जिन्यात पावलं वाजली. खालच्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी वर येत होती. जिन्यात गाठ पडली की ही हसायची आणि म्हातारी दार लावून घ्यायची, एवढाच काय तो शेजार. आताही तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

"काय चाललंय हे?"

इथली भाषा हिला दुकानात भाजी घेण्यापुरती येत होती. आयत्या वेळी तीही पळाली. "मूल... आत," ती म्हणाली. शेगडीला काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. "आग!"

म्हातारीच्या आठ्या गेल्या. तिने खिशातून फोन काढला. "नवऱ्याचा नंबर सांग."

नवा नंबर तोंडी येईना. पुन्हा पुन्हा ओठांवर येत होता तो जुना, तिकडचा, आता बंद झालेला. म्हातारीने वाट बघितली नाही. नाक्यावरच्या कुलूपवाल्याला तिने स्वतःच फोन लावला आणि त्याला असा काही दम भरला की त्यातला शब्द न शब्द हिला कळला.

मग म्हातारी भिंतीचा आधार घेत, कण्हत फरशीवर बसली. तिची बोटं वाळलेल्या शेंगांसारखी बारीक होती, पंजाही सुकून चपटा झालेला. तिने मनगटापर्यंत हात फटीत सारला आणि आत बोटं वळवळवली.

काहीच हालचाल नाही. करपल्याचा वास बाहेर यायला लागला.

मग आत छोटी छोटी पावलं धावत आली. "आई, किडा! किडा आला!"

"धर त्याला!" ही बाहेरून ओरडली. "घट्ट धर, नाहीतर पळून जाईल तो!"

"धरला!"

म्हातारीने मान डोलावली. शब्द कळले नसतील, पण बोटं पकडली गेली होती. "ताकद आहे हो पोरीत," ती म्हणाली. ठकी किड्याला ओढत होती, किडा ठकीला ओढत होता, आणि आत हसण्याचा नुसता खिदळाट चालला होता.

कुलूपवाला आला. त्याने पिशवी खाली ठेवली आणि हिच्याकडे आपादमस्तक पाहिलं. पायांत काही नाही, केस सुटलेले.

"घर तुमचंच कशावरून? कागद दाखवा."

"आत," ती म्हणाली.

"मग पंचाईत आहे. आम्हाला नियम असतो."

"तुझा नियम घाल चुलीत!" म्हातारी बसल्या जागेवरून कडाडली. तिचा एक हात अजून फटीतच होता. "घर हिचंच आहे. हिची पोर रोज सकाळी माझ्या डोक्यावर थयथय नाचते. माझ्या डोक्यावर कोण नाचतं ते मला कळणार नाही? काढ तुझी हत्यारं!"

त्याने मुकाट्याने काढली. म्हातारीच्या डोक्यावर कुलूप खटखटत राहिलं. कुलूप सुटता सुटता तिने हात बाहेर ओढून घेतला. ठकीला बाजूला ढकलत, सांभाळत दार आत गेलं.

ही आत धावली. भांडं काळंठिक्कर पडलं होतं, स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. तिने शेगडी बंद केली, खिडकी सताड उघडली आणि ठकीला उचलून तिचे हात, पाय, केस सगळं चाचपून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

म्हातारी अजून उंबऱ्याशी फरशीवरच होती. एका हाताने चौकट धरून उठायची धडपड चालली होती, पण गुडघे साथ देत नव्हते. ठकीला कडेवर घेऊन ती तिच्याकडे गेली, मोकळा हात पुढे केला आणि इथले शब्द शोधायच्या आत आपल्याच भाषेत बोलून गेली, "हं, उठा आजी. सावकाश."

हात धरून म्हातारी सावकाश उठली.

"ही आजी?" ठकीने विचारलं.

"हो, आजी."

"नाही." ठकीने ठामपणे मान हलवली. "आजी फोनमध्ये राहते."

मग पुढे वाकून तिने म्हातारीच्या गालाला हळूच बोट लावून पाहिलं.

म्हातारीने गाल हलवला नाही.